मुंबई–लंडनचं तिकीट, हिशोब मात्र गावापासून

‘मुंबई–लंडन, जाऊन-येऊन चोपन्न हजार’ असं मोबाईलवर दिसलं की अर्धं घर पासपोर्ट शोधायला लागतं. हा भाव मुंबईत सहारच्या विमानतळाजवळ राहणाऱ्या माणसाचा आहे. विदर्भातल्या आर्वीच्या, पुसदच्या, वरुडच्या माणसाचा प्रवास आपल्या फाटकापासून सुरू होतो, आणि मधले आठशे किलोमीटर कोणत्याच ॲपवर दिसत नाहीत. लेकीकडे किंवा पोराकडे लंडनला जाणाऱ्या आई-वडिलांचं तिकीट काढताना पैसे कुठे खरोखर वाचतात आणि कुठे नुसते वाचल्यासारखे वाटतात, ते इथे मांडलं आहे. शिकायला निघालेल्या पोरांनाही यातलं बरंच लागू पडतं. फरक आहे तिथे तसं सांगितलं आहे.

आधी महिना धरा

भाव सगळ्यात जास्त हलतो तो तारखेनं. भारतातून इंग्लंडकडे जाणारी गर्दी तीनदा उसळते: मे-जूनमध्ये शाळेच्या सुट्टीवाले आणि आई-वडील, ऑगस्टअखेर ते सप्टेंबर विद्यार्थी, आणि डिसेंबरचा दुसरा पंधरवडा. या दिवसांत कितीही शोधा, स्वस्त म्हणजे इतरांपेक्षा थोडं कमी महाग एवढंच मिळतं. उलट जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत विमानं रिकामी जातात आणि कंपन्या भाव पाडतात. दिवाळी आटोपल्यावरचा नोव्हेंबरही जायच्या दिशेनं बरा असतो.

इथे कोरडवाहू कास्तकाराचं नशीब जोरावर आहे. सोयाबीन दिवाळीच्या आसपास घरात येतं, तूर जानेवारीत निघते, पऱ्हाटीची शेवटची वेचणी जानेवारी-फेब्रुवारीत उरकते आणि मृगापर्यंत वावरात फारसं काम राहत नाही. नेमक्या याच रिकाम्या दिवसांत लंडनचं तिकीट उतरलेलं असतं. ओलिताचा गहू-हरभरा असेल तर तो काढून मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात निघा, तरीही सवलतीचं शेपूट हाती लागतं. मात्र आपल्याकडचे बरेच जण मे महिना धरतात, कारण ऊन टाळायचं असतं. ते सगळ्यांनाच टाळायचं असतं, म्हणून तिकीट चढतं. मार्चमध्ये जाऊन मेच्या मध्यावर परतलात तर जाण्याचा भाव उतरलेला मिळतो आणि पेरणीच्या आधी घरीही पोचता. परतीची तारीख ईस्टरच्या सुट्टीत मात्र टाकू नका. ईस्टर दरवर्षी मार्चअखेर ते एप्रिलअखेर असा फिरतो, आणि त्या दोन आठवड्यांत लंडनहून निघणारं सगळंच महाग होतं.

फेब्रुवारीत भाव सगळ्यात कमी असतो हे खरं, पण लंडनमध्ये तेव्हा दिवसा सात-आठ अंश तापमान आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला अंधार. गुडघे दुखणाऱ्या माणसाला पाच हजार वाचवून दोन महिने खोलीत बसवण्यात अर्थ नाही. तरण्या माणसानं खुशाल जावं.

आठवड्याचा वारही बघायचा, पण प्रवासाचा. ‘मंगळवारी रात्री बारानंतर बुक केलं की स्वस्त पडतं’ हा समज फार फिरतो. त्यात तथ्य नाही. मंगळवारी-बुधवारी उडणारं विमान शुक्रवार-रविवारपेक्षा बहुधा स्वस्त असतं, कारण नोकरदार त्या दिवशी निघत नाहीत. तुम्ही ते कोणत्या वारी विकत घेता याला महत्त्व नाही.

व्हिसाआधी तिकीट नाही

ब्रिटनचा व्हिसा विभाग स्वतःच सांगतो की निर्णय येईपर्यंत तिकीट काढू नका. पर्यटक-भेटीच्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो, आणि साधारण तीन आठवड्यांत निर्णय येतो. म्हणजे १० मार्चला निघायचं असेल तर १० डिसेंबरनंतर अर्ज, जानेवारीच्या सुरुवातीला निर्णय हातात, आणि लगेच तिकीट. दोन महिने आधी झालं. उतरत्या मोसमासाठी तेवढं पुरतं. डिसेंबरात किंवा जूनमध्येच जायचं असेल तर मात्र व्हिसाची ही तीन महिन्यांची मर्यादा आणि तिकिटाचा चढता भाव यांची ओढाताण होते. तेव्हा प्रवासाला बरोबर तीन महिने उरतील त्याच दिवशी अर्ज टाकावा, आणि तोवर भावावर नजर ठेवावी.

सातबारा, बँकेचं स्टेटमेंट, पोराचं निमंत्रणपत्र ही कागदं दिवाळीच्या सुट्टीत जमवून ठेवा. तिकीट महाग पडण्याचं आपल्याकडचं नेहमीचं कारण कागदांची दिरंगाई हेच असतं. ऐन वेळी व्हिसा येतो आणि मग जे मिळेल ते घ्यावं लागतं.

भाव वर-खाली का होतो

एकाच विमानात एकाच रांगेत बसलेल्या चौघांनी चार वेगळे भाव दिलेले असतात. साध्या वर्गातल्या जागा कंपनी भावाच्या कप्प्यांत वाटते. सगळ्यात स्वस्त कप्प्यात मोजक्या जागा, त्या संपल्या की पुढचा कप्पा. बाजार समितीत सकाळच्या गाड्यांना एक भाव आणि दुपारनंतर दुसरा, तसंच काहीसं, फक्त इथे चढत जातो. तुम्ही दोन-तीनदा शोधलं म्हणून मोबाईलनं ओळखून भाव वाढवला असं होत नाही. तेवढ्या वेळात कप्पा संपलेला असतो, एवढंच.

यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. चौघांचं तिकीट एकत्र शोधलंत आणि स्वस्त कप्प्यात दोनच जागा उरल्या असतील, तर बऱ्याच ठिकाणी चौघांनाही वरच्या कप्प्याचा भाव दाखवतात. म्हणून आधी एकाचं शोधा, मग दोघांचं, मग चौघांचं. एकाचा भाव चौघांच्या दरडोई भावापेक्षा कमी दिसला तर दोन-दोन करून बुकिंग करा. म्हाताऱ्या आई-वडिलांना मात्र वेगळं करू नका. विमान रद्द झालं की वेगळ्या बुकिंगवाल्यांना वेगळ्या दिवशी पाठवलं जाऊ शकतं.

शोधण्यासाठी गूगल फ्लाइट्स पुरतं. तारखांच्या रकान्यात ‘तारखा-तक्ता’ उघडला की जायची आणि यायची तारीख आडवी-उभी मांडून प्रत्येक जोडीचा भाव दिसतो. त्याच पानावर भावावर नजर ठेवण्याचं बटण आहे. ते चालू केलं की भाव हलला की मेल येतो. स्कायस्कॅनरवर पूर्ण महिना एकदम बघता येतो. या दोन्ही ठिकाणी फक्त शोधा. विकत घेताना विमान कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर जा, जरी पाच-सातशे रुपये जास्त दिसले तरी. त्याचं कारण पुढे येईल.

मुंबईहून की नागपूरहून

मुंबई–लंडन थेट उडणाऱ्यांत एअर इंडिया, ब्रिटिश एअरवेज आणि व्हर्जिन अटलांटिक ही जुनी नावं आहेत. हवेत साडेनऊ-दहा तास. एक बदल घेऊन जाणारे बरेच: दुबईमार्गे एमिरेट्स, दोहामार्गे कतार, अबुधाबीमार्गे एतिहाद, बहरीनमार्गे गल्फ एअर, मस्कतमार्गे ओमान एअर, इस्तंबूलमार्गे टर्किश. बदलाचं विमान थेटपेक्षा स्वस्त असतं, कारण कंपनीला तुम्हाला थेटवाल्यांकडून ओढायचं असतं. नागपूरकरांसाठी आणखी एक दार म्हणजे कतारचं नागपूर–दोहा. सोनेगावहून बसायचं, दोह्यात विमान बदलायचं, बॅगा थेट लंडनला.

या दोन वाटांची तुलना नुसत्या तिकिटावर करू नका. समजा आर्वीचं एक जोडपं आहे. खालचे आकडे पद्धत समजण्यापुरते. तुमच्या दिवशीचे तुम्ही घाला.

मुंबईहून थेट, माणशी ५४,००० म्हणजे दोघांचे १,०८,०००. नागपूरहून दोहामार्गे, माणशी ६३,००० म्हणजे १,२६,०००. फरक १८,००० चा. आता गावापासूनचा खर्च लावा. मुंबईसाठी आर्वी ते वर्धा गाडी करून १,८००, जाऊन-येऊन ३,६००. वर्धा–मुंबई थ्री एसी माणशी सुमारे १,४५० धरा, चार तिकिटं ५,८००. मुंबईत टॅक्सी दोन वेळा २,०००, विमान रात्री म्हणून दिवसभरासाठी खोली २,५००, जेवणखाण १,०००. झाले १४,९००. नागपूरसाठी आर्वीहून गाडी ३,०००, जाऊन-येऊन ६,०००, बस्स. म्हणजे मुंबईच्या वाटेवर ८,९०० जास्त गेले आणि १८,००० चा फरक ९,१०० वर आला. माणशी साडेचार हजार. त्यासाठी दोन रात्री रेल्वेत, चार बॅगा आणि दादरचा जिना. तब्येत धडधाकट असेल तर मुंबई घ्यावी. नाहीतर नागपूरच स्वस्त समजावं.

आता याच जोडप्यानं रेल्वे नको म्हणून नागपूर–मुंबई विमानाचं वेगळं तिकीट काढलं, चार वेळचे ४,५०० प्रमाणे १८,०००, वर नागपूरपर्यंतची गाडी ६,०००. दोहाच्या वाटेशी ताळा जुळला, फायदा शून्य. त्यात देशातल्या विमानात माणशी बहुधा १५ किलोच बॅग जाते आणि लंडनच्या तिकिटावर २३ किंवा जास्त. मधले आठ-दहा किलो विमानतळावर भरायचे म्हणजे किलोमागे पाचशेच्या वर मोजावे लागतात. मुंबईचं स्वस्त तिकीट तिथेच खलास.

अमरावतीकरांसाठी बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ ला अलायन्स एअरचं मुंबईचं विमान सुरू झालं. विमान छोटं, रोज नसतं, आणि बॅगेची अडचण तीच. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला शेवटपर्यंत खुला झाल्यापासून नागपूर ते आमणे ७०१ किलोमीटर सलग झालं. चार जण आणि आठ बॅगा असतील तर गाडी करून जाणं रेल्वेच्या जवळपास पडू शकतं, पण आमण्याच्या पुढे भिवंडी-ठाण्यात अडकण्याचे तीन तास वेगळे धरा.

दोन तिकिटं आणि एक तिकीट

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते इथे. एकाच पीएनआरवर नागपूर–दिल्ली–लंडन किंवा नागपूर–दोहा–लंडन असेल, तर पहिलं विमान उशिरा आलं तरी पुढे पोचवणं ही कंपनीची जबाबदारी. २३ जून २०२५ च्या रात्री कतारची हवाई हद्द काही तास बंद झाली तेव्हा बरीच विमानं वळवावी लागली. अशा वेळी एका तिकिटावरचा माणूस कंपनीच्या गळ्यात असतो आणि दोन वेगळ्या तिकिटांवरचा स्वतःच्या. वेगळं तिकीट काढून मुंबईला पोचणाऱ्याला उशीर झाला, तर लंडनची कंपनी ‘आला नाही’ अशी नोंद करून मोकळी होते.

त्या नोंदीचा आणखी एक सापळा आहे. नागपूर–मुंबई–लंडन असं एक तिकीट कधीकधी मुंबई–लंडनपेक्षाही स्वस्त दिसतं. मग कोणी हुशारी करतं की नागपूरचा तुकडा सोडू, विदर्भ एक्सप्रेसनं जाऊ आणि मुंबईला चढू. चढू देत नाहीत. पहिला तुकडा वापरला नाही की पुढचे सगळे तुकडे, परतीसकट, आपोआप रद्द होतात.

तरीही वेगळी तिकिटंच घ्यायची असतील तर मधे अख्खा दिवस ठेवा. रेल्वेनं जाणाऱ्यांनी तर ठेवाच. पावसाळ्यात कसारा घाट आणि मुंबईतलं पाणी, रविवारी मेगाब्लॉक, यांचा नेम नसतो. शिवाय मुंबईत आता ‘मुंबई’ म्हणजे कोणतं विमानतळ ते बघावं लागतं. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून देशातली विमानं उडू लागली. नागपूरहून स्वस्त दिसलेलं विमान उलव्याला उतरणारं निघालं आणि लंडनचं सहारच्या टर्मिनल दोनवरून असलं, तर मधे पूर्ण शहर ओलांडायचं आहे. जुन्या विमानतळावरही टर्मिनल एक आणि दोन रस्त्यानं काही किलोमीटर लांब आहेत. तिकिटावरचा विमानतळाचा तीन अक्षरी कोड आणि टर्मिनल नीट वाचा.

दिल्लीमार्गे जाणाऱ्यांनी डिसेंबर-जानेवारीचं धुकं ध्यानात घ्यावं. सकाळचं नागपूर–दिल्ली विमान धुक्यात लटकतं आणि दुपारचं लंडन हातचं जातं. त्यातच एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हापासून त्यांच्या दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना लांबचा वळसा पडला. हिवाळ्यात दिल्लीपेक्षा मुंबई किंवा दोहा बरं.

युरोपातल्या एखाद्या शहरात बदल असेल तर तिकीट घेण्याआधी त्या देशाच्या दूतावासाच्या पानावर विमानतळ-बदलाच्या व्हिसाचा नियम वाचा. देशागणिक तो वेगळा असतो आणि बदलत राहतो. ब्रिटनचा व्हिसा आहे म्हणून युरोपात चालेल असं धरून चालू नका; ब्रिटन आता युरोपीय संघात नाही. आखाती विमानतळांवर एकाच तिकिटावर, आतल्या आत बदल असेल तर ही कटकट नसते. तिथेही दोन वेगळी तिकिटं असली तर बॅग घेऊन बाहेर यावं लागतं आणि त्या देशात प्रवेशाचा प्रश्न उभा राहतो.

लंडनलाच उतरायचं का?

पोरगा न्यूकॅसलला आणि तिकीट हीथ्रोचं, हे फार बघायला मिळतं. हीथ्रोहून न्यूकॅसल साडेचारशे किलोमीटर. रेल्वेचं ऐनवेळचं तिकीट सहज शंभर पौंडांच्या पुढे. एमिरेट्स दुबईहून थेट न्यूकॅसल, मँचेस्टर, बर्मिंगहॅम, ग्लासगोला जातं, कतार मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमला. इंडिगोनं जुलै २०२५ मध्ये मुंबई–मँचेस्टर थेट सुरू केलं. लीड्स, शेफील्ड, लिव्हरपूलवाल्यांनी मँचेस्टर शोधावं, कॉव्हेंट्री-लेस्टरवाल्यांनी बर्मिंगहॅम. तिकीट तीन हजारांनी महाग दिसलं तरी एकूण स्वस्त पडतं.

ब्रिटनमधून निघताना विमान प्रवास कर लागतो, तो तिकिटातच धरलेला असतो. १ एप्रिल २०२६ पासून भारताएवढ्या अंतरासाठी साध्या वर्गात तो १०२ पौंड आहे. सोळा वर्षांखालच्या मुलांना साध्या वर्गात माफ. म्हणून लंडन–मुंबई एकेरी तिकीट मुंबई–लंडन एकेरीपेक्षा महाग भासतं. आणि म्हणूनच दोन एकेरी तिकिटांपेक्षा जाऊन-येऊनचं बहुतेक वेळा स्वस्त. परतीची तारीख पक्की नसली तरी अंदाजे तारीख टाकून घ्या आणि बदलाचा दंड किती ते आधी वाचा. विद्यार्थ्यांचं वेगळं: एकेरी जायचं असल्यानं कंपनीच्या वेबसाइटवरचं विद्यार्थी भाडं बघावं. भाव थोडाच कमी असतो, पण बहुतेकदा जास्तीची बॅग किंवा दहा किलो मिळतात, आणि खरी किंमत त्याचीच आहे.

एजंटकडून घेताना

तालुक्याच्या ठिकाणी तिकीट काढून देणारे असतात आणि बरेच प्रामाणिक असतात. तरी पैसे देण्याआधी दोन गोष्टी मागा: सहा अक्षरांचा पीएनआर आणि तेरा आकडी ई-तिकीट क्रमांक. नुसता पीएनआर म्हणजे जागा धरलेली असते, तिकीट निघालेलं नसतं. पैसे भरले नाहीत तर ती सुटते. तिकीट क्रमांकाचे पहिले तीन आकडे कंपनीचे असतात: एअर इंडियाचे ०९८, ब्रिटिश एअरवेजचे १२५, कतारचे १५७, एमिरेट्सचे १७६, एतिहादचे ६०७, व्हर्जिन अटलांटिकचे ९३२. पीएनआर आणि आडनाव कंपनीच्या वेबसाइटवर टाकून स्वतः बघा. तिथे दिसलं तरच पैसे.

थेट कंपनीकडून घ्यायचं कारण आता. विमानाची वेळ बदलली की कंपनी बुकिंगमध्ये नोंदलेल्या मोबाईल-मेलवर कळवते. एजंटनं स्वतःचा नंबर टाकलेला असतो आणि निरोप त्याच्याकडेच राहतो. रद्द केलं तर पैसे आधी एजंटकडे, मग तुमच्याकडे, महिने जातात. भारतीय कंपन्यांना नागरी विमान महासंचालनालयाचा नियम आहे की तिकीट घेतल्यापासून पहिल्या ४८ तासांत, प्रवासाला पुरेसे दिवस शिल्लक असतील तर, दंड न घेता रद्द करू द्यायचं. ही सोय कंपनीच्या वेबसाइटवरून घेतलं असेल तर सरळ वापरता येते. मधे एजंट असला की त्याचं कमिशन कापलं जातं. परदेशी कंपन्यांच्या अटी त्यांच्या त्यांच्या.

नाव हा आपल्याकडचा खास घोळ. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं आणि नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, ‘सरनेम’मध्ये आडनाव असतं. तिकिटावर तसंच्या तसं टाका; आधारकार्डावर काय आहे, लग्नाआधी काय होतं, याचा संबंध नाही. तिकिटावर ही दोन नावं एकमेकांना चिकटून, शेवटी ‘मिसेस’ जोडून छापलेली दिसतात. ती चूक नसते, घाबरू नका. एखाद-दुसरं अक्षर चुकलं तर त्याच दिवशी फोन करून दुरुस्त करून घ्या. आडनावच चुकलं तर बऱ्याच कंपन्या नवीन तिकीट घ्यायला लावतात. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामीच असेल तर तिकीट काढण्याआधी पासपोर्ट दुरुस्त करणं शहाणपणाचं.

पैसे भरताना परदेशी वेबसाइटनं पौंडांत किंवा डॉलरमध्ये आकारलं तर आपली बँक दोन ते साडेतीन टक्के वर घेते. भारताची वेबसाइट निवडून रुपयांत भरा. कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतील तर तासभर आधी चालू करून ठेवा. नाहीतर ओटीपी येईपर्यंत कप्पा संपतो.

आणि उशिराची भरपाई. लंडनहून निघणारं कोणत्याही कंपनीचं विमान, आणि लंडनला येणारं ब्रिटिश किंवा युरोपीय कंपनीचं विमान, कंपनीच्या चुकीनं चार तासांहून उशिरा पोचलं तर या अंतरासाठी माणशी ५२० पौंड मागता येतात. हवामान किंवा बंद हवाई हद्द असेल तर नाही. हा पैसा आपोआप येत नाही, अर्ज करावा लागतो. बोर्डिंग पास जपून ठेवा.

तारीख, रेल्वे आणि बॅग

आपण दिवस उजाडल्यापासून मोजतो, तिकीट मध्यरात्रीपासून मोजतं. आखाताकडे जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर ते पहाटे सुटतात. तिकिटावर १० मार्च, ०२:३० असेल तर ९ मार्चच्या रात्री साडेअकरापर्यंत विमानतळावर असायला हवं. १० मार्चच्या रात्री जेवून निघालेल्या माणसाचं विमान आदल्याच रात्री गेलेलं असतं.

त्याच तिकिटासाठी रेल्वे ८ मार्चच्या संध्याकाळची घ्या, म्हणजे ९ ला सकाळी मुंबईत आणि दिवस हाताशी. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधीच उघडतं, पूर्वीसारखं १२० दिवस नाही. ८ मार्चचं ७ जानेवारीला सकाळी आठला उघडेल. विदर्भ, सेवाग्राम, दुरांतो यांची थ्री एसी लगीनसराईत पटकन भरते. विमान पक्कं आणि रेल्वे वेटिंगवर अशी वेळ येऊ देऊ नका. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, पण ज्येष्ठांना आणि ४५ वर्षांवरच्या बायांना खालचा बर्थ देण्याची पद्धत चालू आहे. दोघांचंच तिकीट काढलं तर मिळण्याची शक्यता वाढते. यवतमाळ-आर्णीवाल्यांनी धामणगाव किंवा बडनेऱ्याहून बसावं, नागपूरला उलटं जाऊ नये.

चालायला त्रास असेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा. पैसे लागत नाहीत, आणि दोह्यात किंवा दुबईत इंग्रजी पाट्या वाचत धावायचं काम दुसरा माणूस करतो. दोन तासांच्या आतला बदल स्वस्त दिसला तरी पहिल्यांदा जाणाऱ्यांनी घेऊ नये. तीन-चार तास बरे.

बॅगेत काय भरता यावरही तिकिटाचा हिशोब फिरतो, कारण जास्तीचा किलो लंडनच्या विमानात देशातल्यापेक्षाही महाग. घरच्या काट्यावर तोलून २३ च्या जागी २२ वर थांबा. तूप, पेढे, खवा, दही न्यायचं नाही. ब्रिटनमध्ये आपल्याकडचे दुधाचे आणि मांसाचे पदार्थ चालत नाहीत, जप्त होतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात पेट घेणाऱ्या मालात मोडतात, त्या मुंबई-नागपुरातच बाहेर निघतात. बटाटे, कढीपत्ता आणि ताज्या फळांच्या भानगडीत पडू नका. पापड, कुरडया, सांडगे, तिखट, हळद बिनधास्त. लोणचं आणि ठेचा खालच्या बॅगेत, डबल पिशवीत, बरणीच्या तोंडाला टेप लावून. हातातल्या बॅगेत शंभर मिलीच्या वरचं तेलकट-पातळ काहीच जात नाही, आणि लिंबाच्या लोणच्याला तपासणीवाले पातळच समजतात.